गावंड सर रिव्हर्स शिकतात

गावंड सरांबरोबर शेअर रिक्षात बसायचं म्हणजे आपल्या हाताने आपली अब्रू रस्त्यावर मांडायची. रिक्षा सुटायच्या आत ते पिशवीतून पाण्याची बाटली काढत. बाटली अर्धीच भरलेली आणि तिचं लेबल खरवडून काढलेलं. तोंड पुढे आणि बूड मागे अशी ती मांडीवर आडवी धरायची आणि तिच्याकडे बघत बसायचं. रिक्षा निघाली की पाणी बुडाकडे धावे. ब्रेक लागला की तोंडाकडे येई. मीरा रोडहून भाईंदरच्या जेसल पार्कला पोचेपर्यंत हे चाले, आणि मधून मधून सर स्वतःशीच "आलं, आलं" म्हणत. शेजारची बाई अंग चोरून बसे. एकदा रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "चाचा, बोतल में मछली है क्या?"

"मछली नहीं, विज्ञान है," सर म्हणाले. त्यांचं हिंदी असं तुटकंच होतं.

दोन हजार चार-पाचच्या आसपासची ही गोष्ट. जेसल पार्कात एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा क्लास होता. एका खोलीत मी मराठी आणि भूगोल शिकवायचे, दुसरीत गावंड सर विज्ञान. दोन्हींच्या मध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळे माझ्या मुलांना न्यूटन पाठ आणि त्यांच्या मुलांना गंगेचं खोरं. सर मूळचे पेणकडचे. जुन्या भाईंदरमधल्या एका शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले होते, पण घरी बसणं त्यांना जमलं नाही. सहा फूट उंची, अंगावर पांढरा बुशशर्ट, आणि वरच्या खिशात कागदात गुंडाळलेला खडू. क्लासमध्ये खडूंचा डबा होता, पण सर स्वतःचा आणत. दुसऱ्याच्या खडूने आपलं अक्षर वाकडं येतं, असं त्यांचं मत होतं.

मी विज्ञानाला दहावीतच रामराम ठोकलेला. पण या माणसाने मला पुन्हा त्या नादाला लावलं. सुरुवात पंख्यापासून झाली. क्लास सुटला की सर पंख्याचं बटण बंद करत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मान वर करून उभे राहत. पाती पूर्ण थांबली की भिंतीवर पेन्सिलीने आकडा लिहीत. सत्तेचाळीस सेकंद. पन्नास. सेहेचाळीस. एकदा आकडा एकदम बासष्टवर गेला, तर म्हणाले, "तावडे मॅडम, कुणीतरी तेल घातलंय." मी क्लासच्या मालकांना विचारलं. खरंच आदल्या दिवशी वायरमन येऊन गेला होता. त्या दिवसापासून मीही माझ्या खोलीतला पंखा मोजायला लागले आणि घरी जायला रोज एक मिनिट उशीर करायला लागले. नवऱ्याला कारण सांगितलं असतं तर त्याने मला डॉक्टरकडे नेलं असतं.

"आधी बघा, मग लिहा," हे त्यांचं रोजचं वाक्य. मुलांना ते इमारतीच्या आवारात पळवत, एकाच्या हातात घड्याळ देत, जमिनीवर खडूच्या रेघा मारत. वॉचमन ओरडायचा, सोसायटीचे सेक्रेटरी खाली यायचे, सर त्यांच्याही हातात घड्याळ द्यायचे. सेक्रेटरी सेकंद मोजू लागले की भांडण आपोआप मिटे.

पण सरांचा एक दोष होता आणि तो मोठा होता. शिकवताना मध्ये कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. शंका आली तर ती खिळ्याला दोरीने टांगलेल्या वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी सर तिथेच लाल शाईने उत्तर देत. उत्तरं छान असत. मीही एकदा गुपचूप लिहून आले होते, की पृथ्वी फिरते तर उडी मारल्यावर आपण त्याच जागी कसे पडतो. सरांनी अक्षर ओळखलं आणि उत्तराखाली "भूगोलाच्या बाईंना" असं लिहून ठेवलं, ते सगळ्या दहावीने वाचलं. पण कुणी वर्गातच तोंड उघडलं, तर सर फळ्याकडे तोंड करून म्हणत, "वही आहे." पुन्हा विचारलं, तर असं काही बोलत की पोरगं आठवडाभर मान वर करत नसे. जीभ तिखट होती. ती नेमकी कुठे लागते हे त्यांनाच कधी दिसत नसावं.

त्वरण हा त्यांचा लाडका धडा. वेग बदलला की त्वरण आलं. वाढला तर धन, कमी झाला तर ऋण. हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून त्यांनी स्वतः एक ओळ रचली होती, "धन धावे, ऋण थांबे." चाळीस पोरं ती एका सुरात म्हणत. शेजारच्या पिठाच्या गिरणीतला माणूसही दळताना गुणगुणायचा. सरांना या ओळीचा भारी अभिमान. तीस वर्षांत एकाही मुलाचा हा प्रश्न चुकला नाही, असं ते सांगत.

एका दुपारी आम्ही नेहमीसारखे रिक्षात होतो. पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवलेला, आणि रिक्षावाल्याला तो खड्डा अगदी जवळ आल्यावर दिसला. त्याने करकचून ब्रेक मारला. बाटलीतलं पाणी तोंडाकडे धावलं. खड्ड्याला चार शिव्या देऊन त्याने लगेच रिव्हर्स टाकला आणि रिक्षा जोरात मागे घेतली.

सर ताठ झाले. "थांबा," म्हणाले. "भाऊ, ये फिर से करो."

"क्या फिर से?"

"आगे जाओ, ब्रेक मारो, पीछे जाओ. जोर से."

माझ्या पलीकडे एक बाई भाजीची पिशवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अहो, माझी कोथिंबीर सुकतेय." पण रिक्षावाला मजेदार निघाला. त्याने दोनदा करून दाखवलं. सरांची नजर बाटलीवरून हलली नाही. नंतर सबंध वाटेत ते बोटाने बाटलीवर पुढचे-मागचे बाण काढत राहिले.

मधल्या सुट्टीत ते माझ्या खोलीत आले आणि माझ्या फळ्यावरचं दख्खनचं पठार पुसून त्यांनी एक रिक्षा काढली.

"मॅडम, पुढे जाताना ब्रेक मारला. पाणी कुठे गेलं?"

"पुढे."

"थांबलेली रिक्षा मागे पळवली. पाणी कुठे गेलं?"

"पुढेच."

"म्हणजे दोन्ही वेळा रिक्षाला धक्का एकाच बाजूला बसला. मागच्या बाजूला. पुढची दिशा धन धरली, तर दोन्ही वेळा त्वरण ऋण. बरोबर?"

"बरोबर."

"पण पहिल्या वेळी रिक्षा हळू झाली. आणि दुसऱ्या वेळी?"

"जोरात पळाली," मी म्हणाले, आणि मलाच काहीतरी लख्ख दिसलं. ऋण म्हणजे हळू नव्हे. ऋण म्हणजे नुसती बाजू. आपण ज्या बाजूला चाललोय त्याच बाजूला धक्का बसला तर वेग वाढणार, उलट बसला तर कमी होणार, मग त्याला धन म्हणा नाहीतर ऋण. इतकं सोपं. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

सरांना आनंद झाला नव्हता. ते माझ्या खुर्चीत बसले. खडू बोटांत मोडला होता, तो तसाच धरून म्हणाले, "हे मला एका पोरीने अठरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

मग त्यांनी मला मंगलची गोष्ट सांगितली. शाळेत नववीत होती, भाईंदरजवळच्या खारी गावातली, वडिलांची मासेमारीची होडी. सर त्वरण शिकवत होते आणि पोरं "धन धावे, ऋण थांबे" म्हणत होती. ही मध्येच उभी राहिली. म्हणाली, सर, होडीचं नाक समुद्राकडे आहे, ती बाजू धन. भरतीचं पाणी होडीला मागे खाडीत ढकलतं. आधी हळू, मग जोरात. तिचा वेग ऋण बाजूला आहे आणि वाढतोय. मग ऋण थांबे कसं?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

सरांनी मोडलेला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी म्हणालो, होडीची अक्कल बाजारात टोपलीत घालून ने. इथे पुस्तकाची चालते."

"आणि?"

"वर्ग हसला. मीही हसलो."

मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. मी ते बोलून दाखवलं. त्यांनी दोन्हींना मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी प्लायवूडपलीकडे वर्ग एकदम शांत होता. सर मुलांना सांगत होते, "मी तुम्हाला चूक शिकवलं. ती ओळ विसरा." एका पोराने विचारलं, "सर, मग एक्झाममध्ये काय लिहायचं?" सर म्हणाले, "आधी बाण काढा. कुठली बाजू धन ते लिहा. त्याशिवाय धन-ऋण बोलूच नका." मग त्यांनी खिळ्यावरची वही काढली आणि म्हणाले की आजपासून तोंडाने विचारायचं. अर्थात पंधरा दिवस कुणी विचारलंच नाही. सरांची जीभ सगळ्यांना ठाऊक होती.

गिरणीवाला मात्र ती ओळ गुणगुणतच राहिला. सर दोनदा त्याला समजवायला गेले. तिसऱ्यांदा त्याने गव्हाचा डबा पुढे केला आणि विचारलं, "गुरुजी, बारीक की जाडं?"

पण सरांना खरी तळमळ मंगलची होती. तिला गाठून सांगायचं, की तू बरोबर होतीस. एका रविवारी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं. "एकट्या पुरुषाने गावात बाईची चौकशी करणं बरं दिसत नाही," म्हणाले. खारीला चहूबाजूंनी इमारती उठल्यात, पण आत शिरलं की अजून गाव लागतं. एक म्हातारी ओट्यावर जाळ्याच्या गाठी सोडवत बसली होती. तिला विचारलं.

"मंगल? गोविंदची मंगल? ती हितं कुटं हाय आता! मीरा रोडला ऱ्हाते. गाड्या शिकवते बायांना." म्हातारीने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाला शिकायचीय काय?"

तसेच आम्ही मीरा रोडला गेलो. मोटर ट्रेनिंग स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेर लाल एल लावलेली जुनी मारुती. टेबलामागे तिशी ओलांडलेली एक बाई, पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले, समोर अर्जांचा गठ्ठा. तिने मान वर केली. "बोला."

सर उभे. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मी मागून कोपराने ढोसलं. आणि हा सहा फुटी माणूस, ज्याने तीस वर्षं पोरांना थरथर कापायला लावलं, तो म्हणाला, "मला गाडी शिकायची आहे."

तिने अर्ज पुढे सरकवला. सरांनी नाव लिहिलं, वय साठ लिहिलं. तिने अर्ज वाचला, नावावर तिची नजर जरा थांबली, आणि म्हणाली, "सकाळी सातची बॅच. सगळ्या लेडीज आहेत. चालेल ना?"

"मॅडम सोबत येतील," सर म्हणाले. मला न विचारता.

अशा रीतीने मी आयुष्यातले दहा दिवस सकाळी सात वाजता मारुतीच्या मागच्या सीटवर घालवले. मिठागरांच्या बाजूला तेव्हा एक रिकामा रस्ता होता, तिथे ती शिकवायची. बॅचमधल्या बाकीच्या बायका आपल्या पाळीची वाट बघत रस्त्याकडेला थांबत. तिच्या पायाशी जादा ब्रेक होता. सर क्लच सोडताना गाडीला अशी उडी मारायला लावत की माझं डोकं दरवाजावर आपटे. ती कधी ओरडली नाही. "हळू. बघा आधी. आता सोडा." रोज सर घरून ठरवून येत, आज सांगतो. रोज गाडीतून उतरून म्हणत, उद्या. मी चिडून म्हटलं, "सर, अशाने तुम्हाला लायसन्स मिळेल पण माफी मिळणार नाही."

नवव्या दिवशी रिव्हर्स होता. तिने गिअर टाकून दाखवला आणि म्हणाली, "पाय हलका ठेवा. लोकांना वाटतं मागं जाताना गाडी हळूच जाते. तसं नसतं, मागं पण पळते." सरांनी गाडी मागे घेतली. वीसेक फूट गेली असेल. मग त्यांनी ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत म्हणाले, "मंगल, तू बरोबर होतीस."

"कशात?"

"होडीच्या गोष्टीत. ऋण त्वरणात. मी चुकलो होतो. आणि जे बोललो ते त्याहून वाईट होतं."

मंगल खिडकीबाहेर बघत होती. मिठाच्या ढिगांवर ऊन यायला लागलं होतं.

"मी बरोबर हाय ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं, सर," ती म्हणाली. इतके दिवस आमच्याशी नीट शहरी बोलणारी ती आता खारीचं बोलत होती. "होडी माझ्या बाबाची होती. मी त्यात बसलेली. पाणी कसं ओढतं ते मला पुस्तकात बघायला लागत न्हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. हात वर करायचा बंद केला. आधी तुमच्या तासाला, मग सगळ्याच तासांना. मला सायन्सला जायचं होतं. पन न विचारता सायन्स येत न्हाय, सर. दहावी झाली, बस झालं." ती सरांकडे वळली. "तुमचं नाव अर्जावर वाचलं तेव्हाच वळखलं. म्हटलं, बघू, कवा बोलतात ते."

सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रुमाल काढायचंही त्यांना सुचलं नाही. "माफ कर," एवढंच म्हणाले.

"माफ करून काय होनार?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती मऊही झाली नव्हती. "माझी पोरगी आठवीत हाय, निशा. ती माझ्यापरीस जास्त विचारते. घरात सगळ्यांना वात आनते. तिला तुमच्याकडं घालू का? खरं सांगा. जमंल का तुमाला?"

हा प्रश्न साधा नव्हता. ती एकदा गमावलेलं आपल्या मुलीच्या हाती देऊन पुन्हा त्याच माणसासमोर ठेवत होती. मला वाटलं, सर पटकन हो म्हणतील. त्यांनी तसं केलं नाही. स्टिअरिंगवरचे हात खाली घेऊन म्हणाले, "जीभ जुनी आहे, मंगल. पुन्हा घसरेल. घसरली तर तू क्लासमध्ये यायचंस आणि सगळ्या पोरांसमोर मला सांगायचंस."

"येईन," ती म्हणाली. "आता गाडी चालू करा. पुन्हा रिव्हर्स. आरशात बघा."

जूनपासून निशा क्लासला यायला लागली. त्या वर्षी माझ्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली आणि दिवाळीआधी मी क्लास सोडला. शेवटच्या दिवशी माझ्या खोलीतल्या कपाटाची किल्ली द्यायला गेले, तेव्हा सरांचा तास चालू होता. दारात थांबले. फळा उदाहरणाने भरलेला. शेवटच्या बाकावर काळीसावळी, दोन वेण्यांची निशा उभी होती आणि खूप वेळ बोलत होती. वाक्यं अडखळत होती, शब्द मागेपुढे होत होते. पोरं खुदखुदायला लागली. एकाने पुढून कागदाचा बोळा मारला.

सरांची मान ताठ झाली. मला ती ताठ मान ठाऊक होती. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं. पोरांकडे वळून म्हणाले, "हसायचं नाही. तिचं होऊ दे."

वर्ग गप्प झाला. निशाने सगळं एका दमात बोलून टाकलं, "सर, तुमचं तिसऱ्या ओळीत चुकलंय."

सर फळ्यापासून दोन पावलं मागे सरले. तिसरी ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिचं बरोबर होतं की नाही, हे मला भूगोलाच्या बाईला कळायचं कारण नव्हतं, आणि सरांच्या चेहऱ्यावरूनही काही समजेना. त्यांनी वरच्या खिशातला खडू काढला, त्यावरचा कागद सोडवला आणि हात लांब करून तो शेवटच्या बाकाच्या दिशेने धरला.

"ये," म्हणाले. "दाखव मला."